साखऱ्याला ठेवलेलं परस्थान

१

प्रेमानंदनं एक सायकल ठरवायला जेवढे दिवस घातले, तेवढ्यात माणसं पोरगी बघून, लग्न लावून मोकळी होतात. वारंगा फाट्यावर त्याचं चष्म्याचं दुकान. पुढं दुकान, मागं घर आणि दोन्हीच्या मधे एक लांबोडी, अंधारी बोळ. गिऱ्हाईक नसलं की हा मोबाईलमध्ये मुंडकं घालून सायकली बघत बसायचा. ही नको, हिचं टायर बारीक. ती नको, तिच्या गिअरला चढ झेपणार नाही. बायको साक्षी म्हणायची, "दुसऱ्याचे डोळे तपासता, एकदा सोताचे तपासून घ्या. फुटतील त्याच्यात बघून बघून."

बेत तसा झकासच होता. जानेवारीत तो आणि त्याचा दोस्त विश्वंभर, दोघंच, सायकलींना बॅगा बांधून निघणार. औंढा, सेनगाव, साखरा, लोणार, आणि तिथून अजिंठ्याच्या डोंगरात शिरून थेट गौताळ्याच्या जंगलापर्यंत. डांबर लागणार, मुरूम लागणार, पांदण लागणार, दगडधोंड्यांची चढण लागणार. मुक्कामाला कुठं शाळेचा व्हरांडा, कुठं तंबू. फाट्यावर रोज शेकडो ट्रक येतात आणि जातात, त्या धुरात उभं राहून लहानपणापासून प्रेमानंदच्या मनात एकच होतं, की आपणही एकदा असं निघावं.

त्याला पुढं शॉकप असलेली लाल सायकल आवडली होती. विश्वंभरनं ती उडवून लावली.

"शॉकप घेऊन काय करतो, लेका? जंगलात बिघडलं तर कोण नीट करणार, माकडं? माझ्यासारखी घे. लोखंडी चेसी, पुढचा चिमटा साधा, टायर रुंद. मोडली तर कोणताबी वेल्डिंगवाला डाग मारून देतो."

"अन् रंग? मला लाल पायजे."

"रंगबी माझाच घे."

"रंगाचं काय स्पेअर असतंय का बे?" प्रेमानंद हसला.

विश्वंभर हसला नाही. "घे म्हणून राहिलो तर घे की," तो म्हणाला. "दोघाचं सगळं एकसारखं असलं म्हणजी तकलीफ न्हाई."

ट्यूब एक, चेन एक, ब्रेकचे रबर एक. बोलणं बराबर होतं. आणि बोलणारा विश्वंभर होता. कुरुंद्याचा हळदवाला, शाळेपासूनचा सोबती. प्रेमानंदचे वडील कोरोनात गेले त्या वर्षी, शेजारी दार उघडत नव्हते तेव्हा, हाच माणूस नांदेडहून मोटारसायकलला ऑक्सिजनचा सिलिंडर बांधून आला होता. त्याच्या घरात प्रेमानंदचं ताट कधी वेगळं नव्हतं. हे सांगायची पाळी येऊ नये, पण आपल्याकडं अजून येते, म्हणून सांगितलं. तर प्रेमानंदनं मळकट हिरव्या रंगाची, हुबेहूब विश्वंभरसारखी सायकल मागवली.

२

सायकल यायच्या आधीची गोष्ट. मार्गशीर्ष सरत आला होता. सकाळची फेरी मारून प्रेमानंद जुन्या सायकलवर कुरुंद्याला विश्वंभरच्या मळ्यात गेला, घामानं निथळत. विश्वंभरची आई सखुबाई झोपडीपुढं तुरीच्या शेंगा सोलत होती.

"पौषात निघून राहिले म्हणं तुमी," ती म्हणाली. "परस्थान ठेवलं का?"

आता शहरातल्या लोकांना हे कुठून ठाऊक असणार! पौषात माणूस लांबच्या वाटेला लागत नाही. जाणं भागच असेल तर महिना चांगला असतानाच आपलं एखादं वापरातलं वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड एका फडक्यात बांधायचं आणि जायच्या दिशेला जे कोणी आपलं माणूस राहत असेल, त्याच्या घरी नेऊन ठेवायचं. झालं. तुम्ही निघालात. अंगानं मागाहून गेलात तरी चालतं. जाताना तेवढं गाठोडं उचलायचं.

प्रेमानंदच्या घरात आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच या सगळ्याला पूर्णविराम दिला होता. पण म्हातारीशी काय वाद घालायचा? "माय, आमच्यात हे न्हाई चालत," तो हसत म्हणाला.

"तुज्यात चालो न चालो, माज्या जिवाला बरं वाटंल, लेकरा."

"दे रे," विश्वंभर म्हणाला. "एका जर्सीनं काय तुझा धर्म बुडत न्हाई."

"उद्या धुतलेली आणून देतो."

"धुतलेली नको. अंगातलीच दे."

प्रेमानंदनं अंगातली निळी जर्सी काढून दिली. पाठीवर फाटलेली, साक्षीनं काळ्या दोऱ्यानं शिवलेली. घामानं जड झाली होती. सखुबाईनं ती फडक्यात ठेवली, तांदूळ टाकले, गाठ मारली. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी बाई, गाठ मारताना अवाक्षर बोलली नाही आणि त्याच्याकडं बघितलंही नाही. साखऱ्याला तिची बहीण राहायची, पारुबाई. गाठोडं तिच्या घरी जाणार होतं.

"अन् तुझं?" प्रेमानंदनं विश्वंभरला विचारलं.

"माझं तिथं आदीच हाय," विश्वंभर म्हणाला.

प्रेमानंद विश्वंभरचा सदरा घालून घरी आला. सदरा खांद्यात सैल होत होता. साक्षी बघून हसली, त्यालाही मजा वाटली.

३

सायकल आली. खोकं विश्वंभरनंच कुरुंद्याला उतरवून घेतलं, जोडली आणि पिकअपमध्ये टाकून फाट्यावर पाठवून दिली. स्वतः आला नाही. हळदीला पाणी द्यायचं आहे म्हणाला.

प्रेमानंदनं ती बोळीत भिंतीला लावली. त्याची पोरगी मित्रा, दुसरीत जाते, ती सायकलभोवती फिरून फिरून दमली. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, सगळ्यांनी बघितले असतील. मित्रा त्यावरून बोट फिरवत ओरडली, "मम्मी, हिला केस हायत! हिची कटिंग करा!" त्या दिवशी नुसतं सीट वर-खाली करणं झालं. टाच पायडलवर टेकवून गुडघा सरळ होतो का ते बघायचं, मग सीटच्या दांड्यावर खूण म्हणून पांढरी टेप गुंडाळायची. रस्त्यावर काढायची नाही, आधी सगळं नट आवळून घ्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

सकाळी पाना घेऊन तो बोळीत आला. मागच्या टायरचे मधले केस झडले होते.

कडेचे होते. मधला पट्टा मात्र गुळगुळीत, चाळीस-पन्नास मैल पळवून आणल्यासारखा. नक्षीच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. त्यानं पान्याच्या टोकानं उकरलं, तर तांबडा मुरूम. आता आमच्याकडची माती काळी. पायाला चिकटली तर चपलेसकट उपटून घेईल, पण काळी. तांबडा मुरूम बघायला डोंगराकडं जावं लागतं.

"मित्रा! तू केस उपटलेस का गं?"

"आईची शप्पथ, न्हाई पप्पा."

विश्वंभरनं पाठवायच्या आधी चालवून बघितली असणार, असं त्यानं मनाला सांगितलं. पण काल पोरीनं बोट फिरवलं तेव्हा केस होते, ते त्यानं स्वतः पाहिलं होतं. मग पोरगीच खोटं बोलत असेल. लेकरं बोलतात. त्याला ते पटलं नाही, तरी त्यानं पटवून घेतलं आणि दुकान उघडलं.

४

दोन-तीन दिवसांनी जळबा नावाचे एक म्हातारे आले. साखऱ्याचे. इकडं लेकीकडं आले होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा करायचा होता. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "तुमी लई घाईत होता जणू परवा."

"कुठं?"

"आमच्या गावात की. सायकलीवर. पारुबाईच्या घरून निघालात. म्या हात केला, तुमी बघितलंबी न्हाई."

"बाबा, मी नव्हतो. मी हितंच होतो, दुकानात."

"तुमीच होता. निळा सदरा, पाठीवर काळ्या दोऱ्यानं शिवलेला. नवं डोळं हाय माजं, नवं!" म्हातारा चिडला. प्रेमानंदनं त्यांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. लांबचं त्यांना सगळं दिसत होतं, अगदी खालच्या बारीक ओळीसकट.

त्यानं विश्वंभरला फोन लावला. उचलला नाही. संध्याकाळी मेसेज आला, 'मजूर हायत रानात, नंतर बोलू.'

मग लोणारहून साक्षीचा भाऊ जगन याचा फोन. साक्षीच्याच फोनवर, चांगला आवाज चढवून. "ताई, दाजीला आमची लाज वाटते का? काल दुपारी घरावरून गेले, मी दारात उभा, आवाज देऊन राहिलो, अन् हा माणूस मान वळवत न्हाई! चहाला न्हाई तर निदान पाण्याला तरी थांबायचं."

साक्षीनं फोन ठेवला आणि नवऱ्याकडं बघितलं. "तुमी काल दुपारी नांदेडला लेन्स आणायला गेलते न?"

"गेलतो की. हे काय, लेन्स आणल्या."

"मग जगन्याला येड लागलं का?"

"साक्षे, अगं, मी एका दुपारीत लोणारला सायकलीवर जाऊन येईन का? जरा इचार कर."

"सायकल बोळीत कशी धुळीनं माखली, ते सांगा मग," ती म्हणाली. "मी काल सकाळी पुसलती तिला. तुमाला जायचंय तर जा, मी कधी आडवं आले? पण माज्याशी खोटं काहून बोलता?"

ती रडली नाही, ओरडली नाही. नुसती आत गेली आणि पीठ मळायला लागली. प्रेमानंद बोळीत गेला. मळकट हिरव्या रंगावर तांबूस धूळ बसली होती, ताजी, बोटानं ओढली तर रेघ उठेल अशी. त्यानं हँडलची मूठ धरली. मूठ ओली होती. आणि कोमट.

५

माणूस चक्रम झाला तर त्याला कळतं का? प्रेमानंदनं त्या आठवड्यात हा विचार बराच केला. तरी तयारी चालूच ठेवली. हँडलला तंबूची वळकटी बांधली, सीटखाली कपड्यांची लांब बॅग, मधल्या तिकोनात पाणी, पाने, पंक्चरचं सामान. वजन खाली आणि मध्यात असावं, म्हणजे खडकाळ उतारावर सायकल नाचत नाही. हात कामात असले की डोकं जाग्यावर राहायचं.

दुपारी फाट्यावरची वर्दळ जरा थंडावते. तेव्हा तो काउंटरवर बसून डुलक्या घ्यायचा आणि मागच्या बोळीतून टिक टिक टिक असा आवाज यायचा. पायडल मारायचं थांबवलं की मागचं चाक करतं तसला. हळूहळू मंद होत जाणारा. कोणीतरी लांबून येऊन, पाय सोडून, गाडी नुसती घरंगळू देतंय. तो उठून जायचा, तर चाक स्थिर. सीटवर हात ठेवायचं मात्र त्यानं सोडून दिलं.

एवढ्यात जगनचा पुन्हा फोन आला. या वेळी राग नव्हता. "दाजी, तुमी आज परत दिसले. उलटे, मेहकरच्या नाही, हिंगोलीच्या अंगाला जाताना. लई हडकले हो. सगळं बरं हाय न?"

उलटे. म्हणजे जो कोणी गेला होता, तो आता परत येत होता.

आणि इथं प्रेमानंदच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण किती गाढव! जर्सी कुणाकडं? विश्वंभरकडं. तशीच हिरवी सायकल कुणाकडं? विश्वंभरकडं. फोन कोण उचलत नाही? हाच लबाड. ह्यानं आपल्याला टांग देऊन एकट्यानंच सफर उरकली, तीही आपले कपडे घालून. काहून, ते ह्यालाच ठाऊक. टायरच्या केसांचं, धुळीचं काय, जगनला तोंड आपलंच कसं दिसलं, ते या हिशेबात कुठंच बसत नव्हतं, पण त्यानं तिकडं बघायचंच नाही असं ठरवलं. दोस्तानं फसवलं याचं दुःख मोठं होतं, तरी ते माणसातलं दुःख होतं. त्याला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि औंढ्याहून मिराबाईचा फोन आला. मागं रविवारच्या फेरीला दोघं तिच्याच हॉटेलात चहा घ्यायचे. "दादा, चहा ठिवला तुमच्या म्होरं, अन् तुमी तसाच टाकून गेलात. तोंडावर काहीतरीच दिसून राहिलं तुमच्या. घरी जाऊन पडा जरा."

"कधी गेलो, मिराबाई?"

"आता की! आत्ताच गेले न तुमी!"

प्रेमानंदनं शटर ओढलं. औंढ्याहून फाटा काही फार लांब नाही, पण विश्वंभरला आधी कुरुंद्याला जावंच लागेल, घर तिकडं. आपण दारातच बसायचं आणि येऊ दे म्हणायचं त्याला, घाम पुसत. मोटारसायकल साक्षीचा भाचा घेऊन गेला होता. म्हणून त्यानं हिरवी सायकल बाहेर काढली, बॅगांसकट.

६

कुरुंद्याला विश्वंभरच्या घराचा दरवाजा सापडेना. इतक्या वर्षांचा पायाखालचा वाडा, पण वर्षभर विश्वंभर मळ्यातच भेटायचा, आणि आता जिथं फाटक होतं तिथं भिंत होती. नव्या विटा, वरून गिलावाही नाही. वळसा घालून मागच्या गल्लीत गेला तेव्हा नवं लोखंडी दार दिसलं. जाता जाता एवढं मात्र त्याच्या नजरेत भरलं, की बुजवलेल्या फाटकासमोर जमीन एका जागी घासून खड्डा पडला होता, आणि विटांवर खांद्याच्या उंचीला एक काळपट, तेलकट डाग होता. रोज कोणी तिथं टेकून उभं राहिल्यावर पडावा तसा.

विश्वंभर घरातच होता. ओट्यावर, बनियनवर, शिळ्या पेपरावर हळकुंडं निवडत. पाठीमागं पडवीत त्याची सायकल खुंटीला टांगलेली, दोन्ही टायर बसलेले, चेनीवर गंज, सगळ्या अंगावर हळदीचा पिवळा थर. तिच्यावर वर्षभर कुणी बसलं नव्हतं.

प्रेमानंदनं येताना बांधलेला सगळा हिशेब त्या पिवळ्या सायकलीसमोर कोसळला.

विश्वंभरनं त्याच्याकडं बघितलं. मग त्याच्या मागं, दाराकडं बघितलं. "एकटाच आला न तू?" त्यानं विचारलं.

"दुसरं कोण येणार होतं?"

सखुबाई आतून आली, प्रेमानंदला बघून तिनं पदर तोंडाला लावला.

"विश्वा," प्रेमानंद म्हणाला, "माझी जर्सी कुठं हाय?"

"साखऱ्याला."

"तुझ्या गाठोड्याशेजारी?"

"माझ्या गाठोड्यात." विश्वंभरनं हातातलं हळकुंड खाली ठेवलं. "मागल्या पौषात मी एकटा जाणार होतो, ठाऊक हाय तुला. परस्थान ठेवलं अन् तापानं पडलो. गेलोच न्हाई. बेत मोडला तर गाठोडं माघारी आणायचं असतं, ते ऱ्हायलं. आपल्याला काय, तांदूळ अन् सुपारी. कोण लक्षात ठेवतंय?"

"मग?"

"मग तो जाऊन आला."

"कोण?"

विश्वंभर बुजवलेल्या फाटकाकडं बघत होता. "दिवस मावळायच्या टायमाला यायचा. सायकल धरून हुबा. दार वाजवायचा न्हाई, येऊ का म्हणायचा न्हाई. आपल्याच घरात यायला कोण इचारतंय? एकदा आमचा रुद्रा पळत गेला त्याच्याकडं, पप्पा आले म्हणून. मी हितं घरात होतो, प्रेमा. मी हितं ओट्यावर होतो, अन् माझं पोरगं त्याच्या कडेवर."

प्रेमानंदला विटांवरचा तो तेलकट डाग आठवला.

"कायबी केलं तरी हालंना. मग एकानं सांगितलं, त्याला दुसरं घर द्या." विश्वंभरचा आवाज अगदी खाली आला. "तुझी जर्सी माझ्या गाठोड्यावरच बांधली. सायकल तसलीच पायजे होती, म्हणून तुला..."

"म्हणून रंगबी तोच."

"तोच."

"विश्वा, तुझं लेकरू लेकरू, अन् माझं?"

"तुमच्यात हे मानत न्हाईत रे!" विश्वंभर एकदम ओरडला, जणू त्याच्यावरच अन्याय होत होता. "मला वाटलं, जो मानत न्हाई त्याला लागत न्हाई. आमच्यातल्या कुणाच्या गळ्यात बांधलं असतं तर पाप झालं असतं. तुला काय फरक पडणार, म्हणलं."

घ्या. सिलिंडर आणणारा दोस्त. एका ताटातला दोस्त. आणि जीव वाचवायची वेळ आली तेव्हा हिशेब असा निघाला. प्रेमानंदचे डोळे भरले, त्याला त्याची लाजही वाटली नाही.

"केसानं गळा कापलास रे," तो म्हणाला. "मी तुझ्या मायसाठी दिली होती ती. हसत दिली होती."

"चहा ठिवू का, लेकरा?" सखुबाई पदराआडून म्हणाली.

प्रेमानंदनं खिशातून फोन काढून घरी लावला. साक्षीला सांगायचं होतं, दाराला कडी घाल, कोणी आलं तरी उघडू नको, मी दिसलो तरी उघडू नको. हे कसं सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं. फोन मित्रानं उचलला.

"मित्रा, मम्मीकडं दे. लवकर."

"मम्मी पाणी तापवून राहिली." पोरगी हसत होती. "पप्पा, तुमी न्हाणीतून फोन करता का?"

"काय?"

"तुमी आंघोळीला गेले न आत्ता? साबण न्हाई का आत?"

७

कुरुंद्याहून फाट्याकडं येणाऱ्या रस्त्यावर त्या संध्याकाळी ज्यांनी त्याला बघितलं, ते सांगतात की माणूस उभ्यानं पायडल मारत होता, सीटला बूड टेकवलं नाही. तंबूची वळकटी सुटून रस्त्यात पडली, तीही उचलली नाही. उसाच्या गाड्यांना आडवा जाऊन शिव्या खाल्ल्या. एकच त्याच्या डोक्यात होतं, साक्षी आणि मित्रा घरात त्या दुसऱ्याबरोबर आहेत. पोचायचं. आपलं घर आहे, आपण दारात उभं राहून नुसतं नाव घेतलं तरी पुरे.

फाट्यावर दिवे लागले होते. दुकानाचं शटर त्यानं ओढलं होतं तसंच. तो बाजूच्या दारानं गेला. दार आतून बंद. त्यानं दारावर मारायला मूठ उचलली आणि तो तसाच थांबला, कारण आतून साक्षीच्या हसण्याचा आवाज आला.

कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती.

तो बोळीच्या खिडकीपाशी सरकला. जाळीची खिडकी, निम्मी झाकलेली. आतल्या दोरीवर निळी जर्सी वाळत होती, तिच्या कोपऱ्यातून तांबडं पाणी खाली ठिपकत होतं. खाली फरशीवर ओल्या पावलांची ओळ न्हाणीपासून स्वयंपाकघराकडं गेली होती. दाराच्या चौकटीतून त्याला फक्त पाठ दिसली. पाटावर बसलेली, उघडी, उन्हानं रापलेली, मानेवर त्याच्यासारखाच मस. खांदे मात्र त्याचे नव्हते. थोडे रुंद होते, विश्वंभरसारखे. मित्रा त्या पाठीवर रेलून काहीतरी सांगत होती, आणि साक्षी समोर तव्यावर भाकरी टाकत म्हणत होती, "म्हणजी आता जाणार न्हाई न कुठं? नक्की?"

"न्हाई," पाठ म्हणाली. "झालं जाऊन."

आवाज त्याचा होता. कफ बसल्यावर निघतो तसा किंचित घोगरा, पण त्याचाच.

"साक्षे!" त्यानं जाळीवर हात आपटला. "साक्षे, दार उघड! मी हाय!"

पाठ हलली नाही. मित्रानं वळून बघितलं. सरळ त्याच्या डोळ्यात बघितलं आणि बापाच्या खांद्याला आणखी चिकटली. "मम्मी," ती बारीक आवाजात म्हणाली, "बाहीर कुणीतरी हाय."

साक्षी उठली. पावलं जवळ आली, कडी सरकली, दार हातभर उघडलं. आतल्या उजेडात ती उभी होती, कपाळावर पिठाचा हात लागलेला. त्याला वाटलं, झालं, सुटलो. तिला सांगायला त्याच्याकडं एवढं होतं की तोंडातून एकही शब्द फुटेना. त्यानं नुसता हात पुढं केला.

तिनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. धुळीनं भरलेले पाय, मुठीत धरलेली सायकल, पुढं केलेला हात. तिच्या नजरेत भीती नव्हती, रागही नव्हता. दारावर येणाऱ्या कुणाही माणसाची येते तेवढी कीव होती.

ती आत गेली, तव्यावरची गरम भाकरी आणून तिनं त्याच्या हातावर ठेवली.

"पुढं व्हा, बाबा," ती म्हणाली. "आमची माणसं आता घरी आलीत."

दार लागलं. कडी बसली.

"कोण होतं, मम्मी?"

"कुणी न्हाई गं. वाटसरू होता."

"वाढ मग," आतून त्याच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं. "भूक लागली."